मिनिआपोलिसमध्ये हिप-हॉपची बैठक: उभी कशी करायची आणि टिकवायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिनिआपोलिसमध्ये राहणारा, नोकरी सांभाळून दोन वर्षं मराठी-इंग्रजीत रॅप करणारा एक तरुण विचारतोय: गाणी ऑनलाइन आहेत, तीन कार्यक्रमही केले, प्रत्येक वेळी चाळीसएक माणसं आली, पण जो तो आपल्या मित्राचं गाणं ऐकून निघून गेला. या गाण्यातून वस्तीतली माणसं एकमेकांना जोडली जावीत असं वाटतं, तर सुरुवात कुठून करू?

स्वतःचे कार्यक्रम सहा महिने थांबवण्यापासून करा. माणसं येऊन निघून जातात त्याचं कारण कार्यक्रमाच्या घडणीतच आहे. चार रॅपर, प्रत्येकाचे दहा मित्र, प्रत्येकाला वीस मिनिटं. आपल्या माणसाचं झालं की खोलीत थांबायला कारण उरत नाही, गाणी कितीही चांगली असली तरी. माणूस थांबतो तो जिथे त्याचं स्वतःचं काहीतरी अडकलेलं असतं तिथे. नाव नोंदवलंय आणि पाळी यायची आहे, शेवटच्या सायफरमध्ये, म्हणजे गोल करून पाळीपाळीने रॅप करण्यात, उभं राहायचंय, किंवा खुर्च्या उचलायचं काम अंगावर घेतलंय. म्हणून आधी बैठक, मग तुमची गाणी. बैठक म्हणजे ठरलेला वार, ठरलेली जागा आणि कुणालाही माइक मिळेल असा ओपन माइक.

तुमच्या शहराचाच इतिहास बघा. राइमसेअर्स हे इथलं हिप-हॉप लेबल, म्हणजे गाणी प्रकाशित करणारी कंपनी, १९९५ मध्ये सुरू झालं. ते काढणारी स्लग, अँट, मुसाब, सिद्दीक ही मंडळी त्याआधी हेडशॉट्स नावाच्या गटात एकत्र वावरत होती. कॅसेट स्वतः भरायच्या आणि हातोहात विकायच्या. १९९९ मध्ये त्यांनी हेनेपिन ॲव्हेन्यूवर फिफ्थ एलिमेंट हे दुकान काढलं. नव्या पोराची सीडी तिथे फळीवर मोठ्या नावांच्या शेजारी लागायची आणि त्या निमित्ताने ते पोर दर आठवड्याला दुकानात यायचं. २००८ मध्ये साउंडसेट हा महोत्सव मेट्रोडोमच्या पार्किंगमध्ये भरला, मग शाकोपीच्या कँटरबरी पार्कमध्ये, २०१६ पासून स्टेट फेअरच्या मैदानावर. पण क्रम लक्षात घ्या: आधी गट, मग दुकान, मग महोत्सव, आणि मध्ये तेरा वर्षं. बहुतेक जण महोत्सवापासून सुरुवात करायला बघतात.

शेजारच्या सेंट पॉल शहरातलं उदाहरण मला त्याहून मोलाचं वाटतं. डेव्हिड ‘टी. सी.’ एलिस हा प्रख्यात गायक प्रिन्सच्या पेझली पार्क लेबलवर अल्बम केलेला रॅपर. त्याच्या स्टुडिओत शाळा अर्धवट सोडलेली पोरं दिवसाढवळ्या येऊन बसायला लागली. त्याने त्यांना हाकललं नाही, त्यांच्यासाठी १९९८ मध्ये हायस्कूल फॉर रेकॉर्डिंग आर्ट्स ही शाळाच काढली. लोक तिला हिप-हॉप हाय म्हणतात. पोरं गाण्यासाठी येतात, तिथेच शिक्षण पुरं करतात. पोरांना काय हवंय हे त्याने आधी बघितलं, योजना नंतर आखली.

याच इतिहासाची दुसरी बाजूही बघा. मॅकनॅली स्मिथ या सेंट पॉलच्या संगीत महाविद्यालयात २००९ पासून हिप-हॉपचा अभ्यासक्रम होता, टोकी राइटसारखा इथलाच रॅपर तो चालवायचा. डिसेंबर २०१७ मध्ये ते महाविद्यालय अचानक बंद पडलं. बी-गर्ल बी हा स्त्रियांच्या हिप-हॉपचा महोत्सव २००५ मध्ये ज्या इंटरमीडिया आर्ट्समध्ये सुरू झाला, तिथलं कामही २०१७ मध्येच थांबलं आणि इमारत विकली गेली. साउंडसेट २०१९ नंतर झाला नाही. फिफ्थ एलिमेंट २०२० मध्ये बंद झालं. छप्पर जातं हे गृहीत धरूनच बैठक बांधायची, म्हणजे ती उद्या दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसांच्या हातीही तशीच चालली पाहिजे. खालचं सगळं याच हिशेबाने लिहितोय.

पहिले तीन महिने स्वतःचं काही काढू नका. दुसऱ्यांच्या ओपन माइकला जा, वेळेवर जा, शेवटपर्यंत थांबा, खुर्च्या लावायला हात लावा. हिप-हॉप ब्राँक्समधल्या काळ्या आणि लॅटिनो तरुणांनी १९७३ च्या आसपास घडवलेली कला आहे, आणि मिनिआपोलिसमध्ये ती नॉर्थसाइड आणि साउथसाइडच्या काळ्या वस्त्यांमध्ये वाढली. आपण इथे पाहुणे आहोत. पाहुण्याने घरच्यांचे शब्द, विशेषतः त्यांनी आपापसांत वापरायचा तो एक शब्द (‘एन-वर्ड’), तोंडात घ्यायचा नाही. गाण्याच्या ओघातसुद्धा नाही. मराठीत रॅप करताय ते मात्र अजिबात सोडू नका. सुरू करण्याआधी दोन वाक्यांत इंग्रजीत सांगा की गाणं कशाबद्दल आहे, आणि हूक, म्हणजे परत परत येणारा तुकडा, चार-पाच शब्दांचा ठेवा, म्हणजे भाषा न कळणाराही दुसऱ्या वेळी तो म्हणेल.

याच शहरात याला आधार आहे. सेंट पॉलच्या ह्मोंग (आग्नेय आशियातून आलेला समाज) वस्तीतला रॅपर तू सायको ली आपल्या आजीबरोबर मंचावर उभा राहायचा. आजी पारंपरिक ह्मोंग काव्य गायची, नातू रॅप करायचा. ओवी ऐकत वाढलेल्या माणसाला यात काय घडत असेल हे वेगळं सांगायला नको. अशा मंचासमोर आजीच्या वयाची माणसंही खुर्चीत येऊन बसतात, आणि तीन पिढ्या खोलीत असल्या की खोलीचं वागणंच बदलतं.

जागेबद्दल. दारूचा परवाना नसलेली जागा घ्या. बारमध्ये अठरा किंवा एकवीस वर्षांखालच्यांना घेत नाहीत, आणि ज्यांच्यासाठी हे करायचं ती पोरं पंधरा-सोळाचीच असतात. चर्चचं तळघर, पार्कची इमारत, सामुदायिक केंद्र, पुस्तकांचं दुकान, कॉफीचं दुकान चालेल. खोली मुद्दाम लहान घ्या. साठ माणसं अपेक्षित असतील तर सत्तरची खोली बघा. दोनशेच्या सभागृहात साठ माणसं भिंतींना चिकटून उभी राहतात आणि मध्ये मैदान मोकळं राहतं. तरुणांच्या कार्यशाळेसाठी मिनिआपोलिसच्या मध्यवर्ती वाचनालयातलं टीन टेक सेंटर बघा. चित्रकार, ग्राफिटीवाली पोरं हवी असतील तर वेस्ट ब्रॉडवेवरच्या जक्स्टापोझिशन आर्ट्समध्ये जाऊन ओळख करून घ्या. बसथांबा तीन-चार मिनिटांच्या अंतरावर पाहिजे. जानेवारीत इथली थंडी उणे दहा सेल्सिअसच्या आसपास असते, रात्री त्याहून खाली जाते. पंधरा मिनिटं चालावं लागलं तर दुसऱ्या खेपेला माणूस येत नाही.

बर्फाचा एक नियम कार्यक्रमाच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. मिनिआपोलिसमध्ये स्नो इमर्जन्सी, म्हणजे बर्फ काढण्यासाठी रस्ते मोकळे करण्याचा आदेश, जाहीर झाली की त्याच रात्री नऊपासून मुख्य मार्गांवर, दोन्ही बाजूंना, गाडी लावायला बंदी असते. घोषणा संध्याकाळी सहापर्यंत होते. तुमचा ओपन माइक सातला सुरू होऊन साडेनऊला संपत असेल तर नऊच्या ठोक्याला अर्ध्या लोकांच्या गाड्या उचलल्या जाण्याच्या मार्गावर असतात. गाडी सोडवायला शंभराच्या वर डॉलर जातात आणि तो माणूस पुन्हा फिरकत नाही. म्हणून हिवाळ्यात सहाला घोषणा बघायची, सव्वासहाला सगळ्यांना निरोप, आणि पावणेनऊला माइकवरून आठवण. वेळ साडेसहा ते पावणेनऊ ठेवली तर उत्तमच. अल्पवयीनांना रात्री घराबाहेर राहण्यावर शहराची वेळमर्यादा आहे, तीही यात आपोआप पाळली जाते.

वार महिन्याचा ठेवा, तारीख नको. ‘दुसरा गुरुवार’ लोकांच्या डोक्यात राहतो, ‘१४ तारीख’ राहत नाही. आणि एकदा ठरला की बदलायचा नाही. तीन माणसं आली तरी बैठक होणार, हे लोकांना दोनदा दिसलं की तिसऱ्यांदा ते विश्वासाने येतात.

आता आवाज. नव्या बैठका मोडतात त्यातल्या बऱ्याचशा आवाजामुळे, कारण पहिल्यांदाच माइक हातात घेतलेल्या पोराचे शब्द कुणाला कळलेच नाहीत तर ते पोर परत येत नाही. सत्तरच्या खोलीला बारा इंची दोन पॉवर्ड स्पीकर, गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड केलेला एक मॉनिटर स्पीकर, आठ चॅनेलचा मिक्सर आणि वायरवाले तीन डायनॅमिक माइक पुरतात. शूर एसएम५८ शंभर डॉलरच्या आसपास मिळतो, हातातून पडला तरी चालत राहतो, तोच घ्या. सबवूफर पहिल्या वर्षी नको. लहान खोलीत तो शब्द खातो. जुने वायरलेस माइक स्वस्तात मिळतात म्हणून उचलू नका. ६१४ ते ६९८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या बहुतेक जागा मोबाइल कंपन्यांकडे गेल्या आणि तिथले माइक वापरणं जुलै २०२० पासून अमेरिकेत बेकायदा आहे. जुन्या बाजारात मात्र ते अजून दिसतात.

माइक शिट्टी मारतो त्याचं रॅपमध्ये एक खास कारण आहे. रॅपर माइकची जाळी मुठीत धरतो. जाळीच्या मागच्या बाजूला जी छिद्रं असतात त्यांच्यामुळेच माइक मागचा आवाज नाकारतो. ती मुठीत झाकली की माइक चहूकडचं ऐकायला लागतो, मॉनिटरचा आवाज त्यात शिरतो आणि शिट्टी सुरू. आवाजही नाकातून आल्यासारखा होतो. त्यावर साउंडवाला आवाज कमी करतो, रॅपरला स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून तो ओरडतो, आणि सगळंच बिघडत जातं. उपाय सोपा आहे: दांड्यावर, जाळीच्या बोटभर खाली रंगीत टेपचा पट्टा गुंडाळा आणि नाव नोंदवतानाच सांगा की मूठ पट्ट्याच्या खाली. मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीमागे, म्हणजे गायकाच्या समोर ठेवा. एसएम५८ त्या दिशेने सगळ्यात बहिरा असतो. प्रत्येक माइकच्या चॅनेलवर १०० ते १२० हर्ट्झखालचं कापून टाका. बीट, म्हणजे ज्यावर रॅप करायचा तो वाजता ताल, गाणाऱ्याच्या आवाजापेक्षा स्पष्ट खाली राहिला पाहिजे, कानाला ‘जरा कमीच वाटतोय’ इतका.

बीट आणायची पद्धत आधी ठरवा. लोक फोनमध्ये यूट्यूब उघडून येतात, मध्ये जाहिरात वाजते, नाहीतर फोन येतो. आदल्या रात्रीपर्यंत फाइल पाठवायची, डब्ल्यूएव्ही किंवा ३२० चा एमपीथ्री, नावात रॅपरचं नाव, हा नियम करा. सगळ्या फाइली लॅपटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर. पाठवली नाही तर फोन चालेल, पण विमान मोडवर आणि गाणं आधी डाउनलोड केलेलं. पूर्ण गाणं, स्वतःच्या आवाजासकट, लावून त्यावर ओठ हलवणं चालणार नाही; हूकपुरता आवाज असलेला बीट चालेल. हाइप मॅन, म्हणजे रॅपरच्या ओळी उचलून धरणारा साथीदार, म्हणून मित्र आला तर त्याला ओळीचा शेवटचा शब्दच उचलायला सांगा. पोवाड्यातला झीलकरी पूर्ण ओळ शाहिराच्या अंगावर ओरडत नाही, तसंच.

विजेचं एक. अमेरिकेतल्या जुन्या इमारतीत एका सर्किटवर बहुतेक १५ अँपिअर, म्हणजे १२० व्होल्टला १८०० वॉट मिळतात, आणि सतत चालणाऱ्या वस्तूंसाठी १४४० च्या आत राहायचं असतं. चर्चमधलं कॉफीचं मोठं भांडं एकटं पंधराशे वॉट घेतं. ते आणि स्पीकर एकाच सर्किटवर आले की ऐन गाण्यात फ्यूज उडतो. दुपारी जाऊन कोणता प्लग कोणत्या ब्रेकरवर आहे ते तपासा, टेप लावून आकडे लिहा. लॅपटॉप चार्जरला लावल्यावर स्पीकरमध्ये घूं असा आवाज आला तर चार्जर काढून बघा. थांबला तर ग्राउंड लूप आहे, लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स ही छोटी पेटी घालून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. खोलीच्या मध्यभागी आवाज ९० डेसिबलच्या आसपास ठेवा. दोन तास याहून मोठा आवाज कानाला घातक आहे. दारात इअरप्लगची वाटी ठेवा. संगीत वाजवणाऱ्या बारनी ते फुकट द्यावेत असा नियम मिनिआपोलिसने २०१४ मध्येच केला. बारना लागू आहे ते पोरांच्या खोलीला आधी लागू व्हायला हवं.

वेळेचा हिशेब असा बसतो: साडेसहाला नावनोंदणी, सातला बंद. चौदा जागा, प्रत्येकी चार मिनिटं आणि बदलायला एक, म्हणजे सत्तर मिनिटं. मग एक पाहुणा कलाकार पंधरा मिनिटं, आणि वीस मिनिटं सायफर. पावणेनऊला माइक बंद. चौदांपैकी चार जागा पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी राखून ठेवा आणि त्यांना तिसऱ्या ते आठव्या क्रमांकात टाका. पहिल्याच क्रमांकावर नवख्याला ढकलू नका, खोली थंड असते. शेवटीही नको, तोवर तो घाबरून निघून गेलेला असतो. नावं आली त्या क्रमाने म्हणायची पद्धत मला पसंत नाही, कारण लवकर येणारे नेहमीचेच असतात. पाहुणा शेवटच्या आधी ठेवण्याचं कारण हेच की त्याला ऐकायला आलेली माणसं आधीच्या चौदांना ऐकतील. पाहुण्याला बोलावतानाच सांगा: सातला यायचं, शेवटपर्यंत थांबायचं. जो कबूल होत नाही तो कितीही नावाजलेला असला तरी नको.

निवेदक तुम्ही नका होऊ, किंवा निदान एक आड एक महिना दुसऱ्याला द्या. निवेदकाचं खरं काम नावं उच्चारण्याचं आहे. सोमाली, ह्मोंग, लॅटिनो, कुठलंही नाव असो, नोंदवतानाच विचारून देवनागरीत लिहून घ्या. आपली लिपी या कामाला फार उपयोगी पडते. माइकवर आपलं नाव नीट ऐकू येणं ही त्या पोरासाठी संध्याकाळची सगळ्यात मोठी गोष्ट असू शकते.

सायफर म्हणजे गोल उभं राहून एकामागोमाग एक रॅप करणं, आणि माणसं जोडली जातात ती इथे. माइक नको, बीट एका लहान स्पीकरवर, गोल बारा जणांचा. पंधरा झाले की दोन गोल करा, नाहीतर मागचे नुसते फोन वर धरून उभे राहतात. बीट मिनिटाला ९० ठोक्यांच्या आसपासच्या वेगाचा घ्या. या वेगाला एक बार, म्हणजे चार ठोक्यांची एक ओळ, २.७ सेकंदांचा आणि सोळा बार त्रेचाळीस सेकंदांचे होतात. नवख्याला ‘सोळा बार’ म्हटलं की धडकी भरते, ‘चार ओळी कर’ म्हटलं की तो करतो. चार बारना अकरा सेकंदही लागत नाहीत. पाळी नको असेल तर उजव्या शेजाऱ्याच्या खांद्याला हात लावायचा, झालं, कुणी काही म्हणायचं नाही. एकाने दोनदा सोळापेक्षा जास्त ओढलं की गोल मरतो. तेव्हा बीट बदला, बीट बदलला की बोलणारा आपोआप थांबतो. एकमेकांवर चढाई करणारी बॅटल पहिल्या वर्षी ठेवू नका. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब रंगायचे ते दोन्ही फड एकमेकांना ओळखायचे म्हणून; अनोळखी पोरांमध्ये घरच्यांवरून केलेला एक टोमणा महिनाभर चिघळतो.

पोरांसोबत काम करायचं तर काही गोष्टींना सूट नाही. अठराखालच्या मुलासोबत एकच मोठा माणूस बंद खोलीत किंवा गाडीत कधीही नाही. कमीत कमी दोन मोठे. कार्यशाळा घेणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासणी. जागा देणारी संस्था बहुतेक वेळा ती करून देते. फोटो आणि रेकॉर्डिंगसाठी पालकांची लेखी परवानगी. २०२० च्या उन्हाळ्यात या शहराच्या हिप-हॉप वर्तुळातल्या गैरवर्तनाबद्दल अनेक स्त्रियांनी जाहीरपणे लिहिलं आणि लेबलांनी काही कलाकारांशी संबंध तोडले. त्यांनी ते वर्षानुवर्षं सोसलं होतं, कारण सांगायचं कुणाला हे ठरलेलं नव्हतं. म्हणून दारावर दोन नावं लावा, त्यांतलं एक बाईचं, आणि तक्रार आली तर त्या व्यक्तीला माइक मिळणार नाही हे आधीच लिहून ठेवा. निर्णय तक्रार आलेल्याच्या मित्राच्या हातात असता कामा नये, तो मित्र तुम्ही स्वतः असलात तरी.

सायफरचं थेट प्रक्षेपण करू नका. अमेरिकेत फिर्यादी पक्षाने रॅपच्या ओळी न्यायालयात पुरावा म्हणून मांडल्याची कितीतरी उदाहरणं आहेत. सोळा वर्षांचं पोर जोशात काय बोलेल याचा नेम नसतो, आणि ती चित्रफीत तुमच्या खात्यावर कायमची राहते. दुसऱ्या दिवशी ज्याची त्याला दाखवून, विचारून मगच टाका.

पैसे. महिन्याचा ढोबळ खर्च मांडून बघू: खोली १५० डॉलर, साउंड करणारा १५०, पाहुणे कलाकार दोन असतील तर प्रत्येकी १००, फोटो ७५, खाणं ६०, छपाई २५. एकूण ६६०. दारात ‘पाच ते दहा, नसतील तरी या’ अशी पेटी ठेवली आणि साठ माणसांनी सरासरी सहा दिले तर ३६०. महिन्याला ३०० कमी, दहा महिन्यांचे ३०००. ही रक्कम लहान अनुदानाची आहे आणि मिनेसोटात ती मिळण्याजोगी आहे. २००८ च्या लेगसी घटनादुरुस्तीने राज्यातला विक्रीकर एक टक्क्याच्या तीन-अष्टमांशाने वाढला, आणि त्यातला १९.७५ टक्के वाटा कला-संस्कृतीला जातो. त्यातला बराच पैसा राज्याच्या कला मंडळामार्फत आणि मिनिआपोलिस-सेंट पॉल भागासाठी मेट्रोपॉलिटन रीजनल आर्ट्स कौन्सिलमार्फत वाटला जातो. स्वतःची संस्था नोंदवायची घाई नको. सेंट पॉलची स्प्रिंगबोर्ड फॉर द आर्ट्स अशा गटांना आर्थिक छत्र देते, काही टक्के घेऊन हिशेब सांभाळते. अर्ज आणि पैसा यांत महिने जातात, म्हणून पहिलं वर्ष पेटीवर आणि फुकट खोलीवर निघेल असंच धरा. पैसे द्यायचा क्रम: आधी साउंडवाला, मग पाहुणे, त्याच रात्री, हातात. आणि पेटीत किती जमले, कुठे गेले, हे पुढच्या बैठकीत माइकवर अर्ध्या मिनिटात सांगा.

तुम्ही व्हिसाबद्दल लिहिलेलं नाही, पण नोकरी करणारा मराठी माणूस म्हणजे एच-१बी असण्याची शक्यता मोठी. त्या व्हिसावर ज्या कंपनीने बोलावलं तिच्यापलीकडे कमाई करता येत नाही; कार्यक्रमाचं मानधन, टी-शर्टची विक्री हे सगळं त्यात येऊ शकतं. विद्यार्थी व्हिसाचंही तसंच. पेटी, अनुदान, विक्री यांपैकी काहीही स्वतःच्या नावावर घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा. तोवर पैशाचं काम नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेल्या सोबत्याकडे, आणि तुम्ही मानधन न घेता गायचं. हे हलक्यात घेऊ नका.

बीटच्या हक्कांचं थोडक्यात: ‘फ्री’ लिहिलेला यूट्यूबवरचा बीट मंचावर चालून जातो, पण स्ट्रीमिंगवर टाकला की मालक गाणं उतरवू शकतो. बैठकीत जुळलेल्या दोघांनी मिळून गाणं केलं की त्याच रात्री कुणाचे किती टक्के हे कागदावर लिहून सह्या करा. मैत्री तुटते ती बहुतेक वेळा या न लिहिलेल्या कागदावरून. खोलीच्या मालकाकडे ॲस्कॅप, बीएमआय यांचे संगीत वाजवण्याचे परवाने आहेत का ते विचारा.

वस्ती निवडताना एक गोष्ट मनात धरा. सप्टेंबर २०१६ मध्ये सीडर-रिव्हरसाइड या सोमाली वस्तीत रस्त्यावरच्या उत्सवात के’नान हा सोमाली वंशाचा नामवंत रॅपर गायला आला. तो तयार करत असलेल्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे आपली बदनामी होईल या भीतीने स्थानिक तरुणांनी निदर्शनं केली आणि त्याला गाणं आवरतं घ्यावं लागलं. त्यांच्याच भाषेचा, जगभर गाजलेला माणूस, तरीही. वस्तीवर काही करण्याआधी वस्तीला विचारलेलं असावं लागतं. त्याच भागात सीडर कल्चरल सेंटर आणि ऑग्सबर्ग विद्यापीठ यांनी २०१४ पासून सोमाली संगीतकारांना बोलावून मिडनिमो हा उपक्रम चालवला. त्यात कलाकार मैफिलीसोबत शाळा-महाविद्यालयांत जाऊन तरुणांमध्ये बसायचे. तुमच्या मापाने याचा अर्थ इतकाच: पोस्टर लावण्याआधी न्हाव्याचं दुकान, किराणा, मशीद किंवा चर्च, पार्कचा प्रशिक्षक अशा दहा ठिकाणी जाऊन पाच-पाच मिनिटं बोला आणि वार त्यांना विचारून ठरवा. शुक्रवारची संध्याकाळ तुम्हाला सोयीची वाटते, पण कुणाची नमाज, कुणाचा बास्केटबॉलचा सामना तेव्हाच असतो. केएमओजे आणि केएफएआय या सामुदायिक रेडिओंना तीन आठवडे आधी एका परिच्छेदाची सूचना पाठवा. ऑनलाइन पोस्ट ज्यांच्यापर्यंत पोचत नाही ती माणसं तिथून येतात.

आणि पहिल्या दिवसापासून कामं वाटा. पाच कामं आहेत: दार, यादी, साउंड, निवेदन, पेटी. पहिल्या महिन्यात तुम्ही दोन करा, तिसऱ्यात एक. प्रत्येक कामाला शिकणारा एक जोडीदार लावा, शक्यतो विशीच्या आतला. साउंडचं काम मुलीला शिकवा, त्या खुर्चीत बाई दिसली की माइककडे येणाऱ्या मुली वाढतात. सगळं एका वहीत लिहिलेलं असू द्या: किल्लीसाठी कुणाला फोन, कोणत्या प्लगला कॉफीचं भांडं लावायचं नाही, मिक्सरची बटणं कुठे ठेवली होती त्याचा फोटो, कुणाचं नाव कसं उच्चारायचं, पेटीचा हिशेब, कोण पहिल्यांदा गायलं आणि परत आलं की नाही. हा शेवटचा रकाना दर महिन्याला वाचा. पहिल्यांदा गाणाऱ्या चौघांपैकी निदान दोघं परत येत असतील तर बैठक नीट चाललीय, एकही येत नसेल तर गर्दी कितीही असली तरी खोलीत काहीतरी चुकतंय. सातव्या महिन्यात एका गुरुवारी मुद्दाम घरी बसा, फोनही उचलू नका. शुक्रवारी वही मागवून घ्या आणि कुठे अडलं ते वाचा.